मशीनवरचं भरतकाम गोधडीत वापरता येतं का? सध्या मी शिवत असलेल्या गोधड्यांवरून सांगते

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. मशीनवर केलेलं भरतकाम गोधडीत वापरता येतं का, त्यासाठी भरतकामाचं वेगळं मशीन घ्यावंच लागतं का, आणि हा नाद असलेली माणसं अलीकडे नेमकं काय शिवतात. भरतकाम गोधडीत नक्की वापरता येतं. वेगळं मशीन लगेच घ्यायची गरज नाही, त्याबद्दल शेवटी लिहिते. तिसऱ्या प्रश्नाबद्दल मला स्वतःच्या हातातल्या कामांवरूनच बोलता येईल, आणि पहिल्याचं सविस्तर उत्तरही त्यातच येईल.

आधी मुख्य अडचण सांगते, कारण पुढचे सगळे निर्णय तिच्यावर ठरतात. गोधडीला मऊपणा लागतो. जुनं सुती कापड, थरावर थर, वर धावदोरा, आणि अंगावर घेतली की ती अंगाच्या वळणाने पडली पाहिजे. मशीनच्या भरतकामाला बरोब्बर उलटं हवं असतं. कापड रिंगमध्ये ताठ ताणलेलं, खाली आधाराचा कागद, आणि टाके एकमेकांना चिकटून. हाताएवढ्या फुलात सात-आठ हजार टाके सहज पडतात आणि तेवढा भाग पुठ्ठ्यासारखा कडक होतो. बाजारातल्या तयार डिझाइनपैकी बहुतेक शर्ट, टोपी, पडदे यांच्या हिशेबाने केलेली असतात. ती तशीच गोधडीवर उतरवली की पहिल्या धुण्यानंतर भोवतालचं कापड आटतं, भरतकाम आटत नाही, आणि फुलाभोवती चुण्या उभ्या राहतात. म्हणून गोधडीसाठी डिझाइन निवडताना मी ते किती सुंदर आहे याआधी किती हलकं आहे हे बघते.

सध्या मी सगळ्यात जास्त रमलेय ती आजीच्या इरकल लुगड्यांच्या गोधडीत. आमच्या सांगलीकडे तिला वाकळच म्हणतात. नऊवारी लुगडं साधारण सव्वाआठ मीटर लांब असतं, त्यामुळे विरलेला भाग सोडला तरी चांगलं कापड भरपूर निघतं. पूर्वी बायका लुगडं मध्ये विरलं की तेवढा भाग काढून दंड घालायच्या, म्हणजे उरलेले तुकडे जोडायच्या, आणि तेच पुन्हा नेसायच्या. गोधडीची पाळी त्यानंतर यायची. त्यामुळे आपल्या हाती येणारं लुगडं बहुधा खूप वापरलेलं असतं. ते उजेडासमोर धरा आणि दोन्ही हातांनी हलकंच ताणा. धागे सरकून जाळी दिसली तर ते आतल्या थरात घाला, वर नको.

इरकलच्या पदराकडे वेगळं लक्ष द्यावं लागतं. पारंपरिक इरकलमध्ये अंग सुती आणि पदर रेशमी असतो, आणि पदराच्या ताण्याचे, म्हणजे उभे, धागे अंगाच्या ताण्यात अडकवून दोन्ही जोडलेले असतात. रेशीम आणि सूत धुतल्यावर सारखे आटत नाहीत. म्हणून पदराच्या पट्ट्या मी अंगाच्या पट्ट्यांना आलटून पालटून जोडत नाही. त्या सगळ्या एकत्र, गोधडीच्या एकाच बाजूला घेते. लाल आणि गर्द निळ्या रंगाचीही परीक्षा आधी करावी. पांढरं सुती फडकं ओलं करून काठावर ठेवायचं आणि वरून गरम इस्त्री दाबायची. फडक्याला रंग लागला तर ते कापड पाणी नितळ येईपर्यंत वेगळं धुवायचं. मिठाच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्याने रंग पक्का होतो यावर भरवसा ठेवू नका.

या गोधडीच्या मधोमध नऊ चौकोन आहेत, तीन ओळींत तीन-तीन. प्रत्येकावर कसुतीच्या धर्तीचं एकेक नक्षीकाम. गोपूर, तुळशीवृंदावन, हत्ती, रथ, पाळणा, असं. कसुती हे धारवाडकडचं भरतकाम, आणि इरकल लुगड्यांवर ते पिढ्यान्‌पिढ्या होत आलंय, त्यामुळे कापड आणि नक्षी दोन्ही एकमेकांच्या ओळखीची. पण मी ती निवडली त्याचं खरं कारण वर सांगितलेलंच आहे. कसुतीतला गवंती टाका म्हणजे जाता-येता घातलेला धावदोरा. एकदा पुढे जायचं, परत येताना सुटलेल्या जागा भरायच्या. मुरगी त्याचाच नागमोडी, पायरीपायरीचा प्रकार. नक्षी सगळी रेषांची, आतला भाग मोकळा. मशीनवर हेच तिहेरी रनिंग टाक्याने उतरवलं की अख्ख्या गोपुराला हजार-बाराशे टाक्यांत काम भागतं आणि कापड लवचीक राहतं. मेंथे मात्र फुलीटाका आहे, तो भरगच्च होतो. तो मी एखाद्या लहान ठिपक्यापुरताच ठेवते.

हातच्या कसुतीत गाठ नसते आणि गवंती दोन्ही बाजूंनी सारखी दिसते. मशीनवर हे जमत नाही, कारण खालचा दोरा बॉबिनमधून येतो आणि तो वेगळाच असतो. साडीवर मला हा फरक खुपला असता. गोधडीत चौकोनाची मागची बाजू थरांच्या आत जाते, म्हणून इथे मशीनच्या कसुतीला मी मनापासून हो म्हणते. हातच्या कसुतीची जागा ती घेऊ शकत नाही आणि तसा दावा कुणी करू नये. धारवाड-हुबळीकडच्या बायका धागे मोजून जे काम करतात त्याला तेवढा वेळ आणि तेवढी नजर लागते, आणि त्याची किंमतही तशीच मिळायला हवी.

क्रम असा ठेवायचा. आधी भरतकाम, मग कापणं, मग जोडणं. तयार चौकोन सहा इंचाचा हवा असेल तर कापड दहा इंचाचं घ्या, रिंगमध्ये सरळ धाग्यावर बसवा, भरतकाम झाल्यावर उलट्या बाजूने इस्त्री करा, आणि त्यानंतरच साडेसहा इंचाचा चौकोन कापा. पाव इंच चारही बाजूंनी शिवणीत जातो. आधीच साडेसहा इंच कापून भरायला घेतलं तर टाक्यांच्या ओढीने तो कुठल्या तरी बाजूला आखडतोच, आणि मग चार कोपरे एका ठिकाणी जुळत नाहीत. आधारासाठी मी फाडून काढायचा कागद वापरते, आणि एक जाड न घेता दोन पातळ घेते. एकेक करून फाडला की टाक्यांवर ताण येत नाही. विरत चाललेल्या लुगड्याला तोही सोसत नाही. तिथे पाण्यात विरघळणारा घ्यावा.

नऊ चौकोनांभोवती पट्ट्यांची चौकट, तिच्याभोवती आणखी चौकट, असं बाहेर वाढवत नेलंय. अमेरिकेच्या अलाबामा राज्यात जीज बेंड नावाची कृष्णवर्णीयांची छोटी वस्ती आहे. तिथल्या बायका शेतातल्या कामाच्या जुन्या कपड्यांतून अशाच चौकटीत चौकट घालून गोधड्या शिवत आल्या. २००६ मध्ये तिथल्या गोधड्यांवर अमेरिकेने टपाल तिकिटं काढली. त्या गोधड्यांचे फोटो मिळतील तितके बघा. त्यांच्या रेषा पट्टीने आखलेल्या नसतात, कापड जसं मिळालं तसं जातात, आणि तरीही पूर्ण गोधडी डोळ्यांना पटते. इरकलचे काठ वेगवेगळ्या रुंदीचे असतात. ते एकसारखे कापून घेण्याचा माझा विचार त्या गोधड्या पाहून बदलला.

थर एकत्र शिवणं मी हातानेच करते. मशीनवर करता येतं, थर सरकू न देणारा वेगळा फूट, म्हणजे सुईखाली कापड दाबून धरणारा भाग, तोही मिळतो, पण पाच फूट रुंदीची गोधडी गुंडाळून घरच्या मशीनच्या बगलेतून सरकवणं खांद्याला फार जड जातं. शिवाय हातच्या धावदोऱ्याने कापडावर येणारी बारीक लाट मला मशीनच्या टिपेत दिसत नाही. मधे फायबरची गादी घालत नाही, लुगड्याचेच तीन-चार थर पुरतात. टाक्यांच्या ओळींत साधारण बोटभर अंतर.

सुरुवात कुठून करायची यावर दोन मतं ऐकाल, आणि दोन्ही आपापल्या ठिकाणी बरोबर आहेत. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या यल्लापूर, हल्याळ, मुंडगोडकडचे सिद्दी, ज्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले, त्यांच्या बायका कवंदी नावाची गोधडी शिवतात ती कडेपासून आत. एकेक तुकडा कडा दुमडून ठेवायचा, त्यावर धावदोरा घालत पुढे जायचं, की पुढचा तुकडा. तुकडे शिवता शिवताच लागत जातात, त्यामुळे झोळ साचत नाही. कोपऱ्यांना घडी घातलेल्या कापडाची फुलं लावतात, ती फार देखणी दिसतात. माझ्या गोधडीचा वरचा थर मात्र आधीच जोडून तयार आहे. अशा वेळी मधून सुरुवात करून झोळ बाहेर ढकलत न्यायचा, नाहीतर शेवटी मध्यभागी कापडाचा फुगा उरतो. भरलेल्या रेषांवरून सुई नेऊ नका, त्यांच्या बाजूने न्या. नक्षी आपोआप उठून दिसते.

दुसरं काम आहे भाच्याच्या बाळाचं दुपटं. वर-खाली मलमल, मधे जुन्या धोतराचा एक थर, कोपऱ्यात बाळाचं नाव. नाव मुद्दाम कोपऱ्यात, कारण टाक्यांचा खरखरीतपणा बाळाच्या गालाला लागायला नको.

देवनागरी अक्षरं भरायची असतील तर हा भाग नीट वाचा. घरगुती मशीनमध्ये येणारी अक्षरं बहुतेक रोमनच असतात. देवनागरीसाठी डिझाइन स्वतः करावं लागतं. संगणकावर चित्र काढायचं इंकस्केप आणि त्याला जोडायचं इंकस्टिच, हे दोन्ही प्रोग्राम मोफत आहेत, आणि त्यातून मशीनला कळणारी फाइल निघते. पण फॉन्ट उचलून तसाच टाक्यांत बदलला तर शिरोरेषा बिघडते. प्रत्येक अक्षर आपला तुकडा घेऊन येतं, तुकडे एकमेकांवर चढतात, तिथे टाके दुप्पट होऊन गाठ येते आणि सुई तुटायची वेळ येते. म्हणून मी अक्षरांची डोकी काढून टाकते आणि संपूर्ण शब्दाला साटिन टाक्याची, म्हणजे जवळजवळ घातलेल्या टाक्यांची, एकच सलग पट्टी देते, तीही सगळ्यात शेवटी. अक्षरांचे दांडे या पट्टीखाली अर्धा ते एक मिलिमीटर आत घुसवून ठेवायचे, कारण टाके कापड आपल्या दिशेने ओढतात आणि दांडा व शिरोरेषा यांच्यात फट पडते. अनुस्वाराचं टिंब दोन मिलिमीटरहून लहान नको. मात्रा, वेलांटी धरून शब्दाची उंची दोन सेंटिमीटरच्या वर ठेवा. त्याहून लहान नाव हाताने साखळीटाक्याने काढावं, ते जास्त रेखीव येतं.

तिसरं काम लहान आहे, खणाच्या पिशव्या. गुळेदगुड्डच्या खणात विणीतच इतकी नक्षी असते की त्यावर भरतकाम करणं मला पटत नाही. त्या कापडाचे धागे कडेला लगेच सुटतात, म्हणून आतून पातळ फ्युजिंग, म्हणजे इस्त्रीने चिकटणारं कापड, लावते, अस्तर आणि मधे एक थर घालून सरळ टिपा मारते, झालं.

आता मशीन. संगणकावर चालणारं भरतकामाचं मशीन घ्यायचंच असेल तर आतल्या डिझाइनच्या संख्येकडे दुर्लक्ष करा आणि रिंगचं माप बघा. १०० × १०० मिलिमीटरची रिंग गोधडीच्या चौकोनाला अपुरी पडते. १३० × १८० ची असेल तर बरंच काही करता येतं. ते मशीन ज्या मापासाठी बनलंय त्याहून मोठं भरतकाम एका रिंगेत नंतर करता येत नाही, म्हणून हा निर्णय घेतानाच विचार करावा. सुई ७५/११ ची भरतकामाची, वर ४० नंबरचा दोरा, बॉबिनमध्ये ६० चा. सुई वरचेवर बदला. दोरा सारखा तुटायला लागला की ताण बदलायच्या आधी सुई बदलून बघा.

आणि घरात जुनं काळं, पायाचं मशीन असेल तर ते आधी बाहेर काढा. शिवणाच्या वर्गांत कितीतरी बायका त्याच मशीनवर भरतकाम शिकल्या आहेत. फूट काढायचा, कापड पुढे सरकवणारे दात झाकणारी पट्टी बसवायची किंवा दात खाली जाण्याची सोय असेल तर ते खाली करायचे, टाक्याची लांबी शून्यावर आणायची. कापड रिंगमध्ये असं ताणायचं की ते मशीनच्या पाट्याला टेकलेलं राहील. फूट काढलेला असला तरी फूट वर-खाली करायचा मागचा खटका खाली करायला विसरू नका, तो वर असेल तर दोऱ्याला ताणच मिळत नाही आणि खाली गुंता होतो. मग पाय एका लयीत ठेवून रिंग दोन्ही हातांनी फिरवायची. टाक्याची लांबी आता तुमच्या हातांवर ठरते. बोटं सुईपासून दूर, रिंगच्या कडेवर ठेवा. सुरुवातीला जुन्या धोतराच्या दुहेरी कापडावर पेन्सिलने काढलेल्या सरळ रेषा, मग वळणं, मग पानं करा. वळणावर टाके लहान-मोठे होत असतील तर रिंग हळू फिरवा, पायाचा वेग कमी करू नका.