लेक डावखुरी आहे, हात बदलावा का?

प्रश्न: ताई, माझी मुलगी ४ वर्षांची आहे. अडीच वर्षांची असल्यापासून चित्र काढणं, चमचा धरणं, बॉल फेकणं सगळं डाव्या हातानेच. सासूबाई म्हणतात आत्ताच हात वळवला नाही तर पुढे जड जाईल, बालवाडीतल्या टीचर पण पेन्सिल काढून उजव्या हातात देतात. उजव्या हाताचं एवढं काय असतं? बदलावा का हात?
– एक आई, डिचोली

उत्तर: नाही, अजिबात बदलू नका. आता का ते सांगते.

जगात दहातले साधारण नऊजण उजव्या हाताचे. उजवा हात चालवतो मेंदूचा डावा भाग, कारण हाताकडे जाणारे बहुतेक मज्जातंतू मेंदूच्या बुडाशी बाजू बदलतात. पॉल ब्रोका नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १८६० च्या दशकात दाखवून दिलं की बोलण्याचं कामही बहुतेकांत डाव्या भागातच चालतं. पण म्हणून डावखुऱ्यांचा मेंदू उलटा असतो असं समजू नका हां, त्यांच्यातल्याही साधारण ७० टक्के लोकांचं बोलणं डाव्या भागातच असतं. आणि हे वळण लावून येत नाही, पोटातलं बाळ सोनोग्राफीत अंगठा चोखताना दिसतं तेव्हाच बहुतेकांचा उजवा अंगठा तोंडात असतो. अगदी एकसारख्या दिसणाऱ्या जुळ्यांतसुद्धा एक उजवा, एक डावखुरा निघतो.

उजव्या हाताचा खरा फायदा एवढाच की वस्तू त्या हातासाठी बनवलेल्या असतात. घरातली कात्री घ्या. उजव्या हातात धरली की बोटांच्या दाबाने दोन्ही पाती एकमेकांना घट्ट चिकटतात आणि कापायची रेघ समोर दिसते. तीच डाव्या हातात दिली की पाती फाकतात, कागद मध्ये दुमडतो, रेघ पात्याआड जाते, आणि आपण म्हणतो पोरीला कापता येत नाही! डावखुऱ्यांची कात्री वेगळी मिळते, ऑनलाइन मागवा.

सासूबाईंचं मन मला कळतं. आपल्या गोव्यात देवाला कौल लावला, म्हणजे मूर्तीला पाकळ्या चिकटवून देवाचं मत विचारलं, की उजवी पाकळी कधी पडते याकडे सगळ्यांचे डोळे, प्रसाद उजव्या हातात, प्रदक्षिणा देवाला उजवीकडे ठेवून. तेव्हा प्रसादाला उजवा हात पुढे कर एवढं प्रेमाने शिकवायला काहीच हरकत नाही, ती पटकन शिकेल. लिहितात डाव्याने आणि जेवतात उजव्याने अशी माणसं आपल्याकडे घरोघरी आहेत. सचिन तेंडुलकर बॅटिंग उजव्या हाताने करायचा पण लिहितो डाव्याने, सौरव गांगुलीचं बरोब्बर उलट. फुटबॉलात डाव्या पायाचा पोरगा सापडला की आपले कोच किती खूश होतात, मग हातालाच का नावं ठेवायची? पण लिहिण्याचा हात बळजबरीने, ओरडून, हातावर मारून बदलणं मला मुळीच मान्य नाही. अक्षर बिघडतं, पोर पेन्सिलीलाच घाबरायला लागतं, आणि मेंदूची मूळ ठेवण काही बदलत नाही.

एक गोष्ट मात्र सगळ्याच आयांना सांगते, वर्षाच्या आतलंच बाळ एकच हात वापरत असेल आणि दुसरा हलवतच नसेल तर डॉक्टरना दाखवा, तो हात कमजोर असू शकतो. तुमच्या लेकीचं तसं काही वाटत नाही.

टीचरशी शांतपणे बोला. वही तिरकी ठेवायची, खालचा उजवा कोपरा पोटाकडे येईल अशी. पेन्सिल टोकापासून थोडी वर धरू द्या म्हणजे लिहिलेलं हाताखाली झाकत नाही, आपली शिरोरेघ डावीकडून उजवीकडे ओढायची असते त्यामुळे हे फार गरजेचं आहे. आणि बेंचवर तिला डाव्या टोकाला बसवायला सांगा, नाहीतर शेजारच्या मुलाच्या कोपराला कोपर लागून दोघांच्याही रेघा वाकड्या होतील.