दुसरी चावी बाजारातून कापून आणली तर गाडी सुरू होईल का?

आजकालच्या बहुतेक कारमध्ये दार उघडेल, इंजिन चालणार नाही. माझंही असंच झालं होतं: चावी झकास फिरली, स्टार्टरही फिरला, पण इंजिन काही पकडेना आणि मीटरवर चावीचा लाल दिवा लुकलुकत राहिला.

कारण चावीच्या प्लास्टिकच्या डोक्यात एक बारीकशी चिप असते. इग्निशनभोवतीची कॉइल तिचा नंबर वाचते; तो इमोबिलायझरच्या, म्हणजे गाडीतल्या चोरी रोखणाऱ्या यंत्रणेच्या, ओळखीचा नसेल तर ती इंजिन चालू होऊ देत नाही. या चिपला बॅटरी लागत नाही, म्हणून रिमोटचा सेल संपला तरी बऱ्याच गाड्या सुरू होतात.

तेव्हा चिपवाली कोरी चावी घ्या, पातं कापून घ्या आणि स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायची जागा) मशीन लावून प्रोग्रॅम करून घ्या. शोरूममध्ये आरसी आणि ओळखपत्र मागतात. चांगला चावीवालाही हे करतो, स्वस्तात. फक्त इंजिन सुरू झाल्याशिवाय पैसे देऊ नका. जाताना घरातल्या सगळ्या चाव्या न्या, काही गाड्यांत प्रोग्रॅमिंगच्या वेळी समोर नसलेली चावी बाद होते.

एक चावी हातात आहे तोवरच हे उरकून टाका. दोन्ही हरवल्यावर खर्च भलताच वाढतो, आणि गाडी चोरीला गेली तर विमावाले दोन्ही चाव्या मागतात.