तीन दिवसांचा महोत्सव राहू दे, महिन्याचा एक शनिवार धर

बाळ,

तुझा प्लॅन वाचला, सगळी पानं वाचली, मध्ये चहा झाला तरी सोडला नाही. रंकाळ्यावर तीन दिवसांचा आर्ट फेस्टिव्हल, एलईडी वॉल, भिंतींवर मोठमोठी चित्रं, फूड स्टॉल, मुंबईहून एखादा नावाजलेला बँड, आणि शेवटच्या पानावर 'कोल्हापूरला कलेच्या नकाशावर आणायचंय' असं लिहिलंयस. तुझी तळमळ खरी आहे, त्यात मला शंका नाही, म्हणूनच गोड गोड न बोलता सरळ लिहितो. हा फेस्टिव्हल आत्ता करू नकोस. आधी महिन्याचा एक दिवस ठरव, समजा दुसरा शनिवार, एक छोटी खोली ठरव, आणि ती तारीख दोन-तीन वर्षं चुकू देऊ नकोस. काय होईल ते होऊ दे, दहा माणसं येऊ देत नाहीतर शंभर, तारीख मोडायची नाही.

कारण सांगतो. आपल्याकडं कलेची कमतरता कधीच नव्हती, कमी पडतं ते सातत्य. राज्य नाट्य स्पर्धेचंच बघ. पोरं दिवसभर नोकरी करून रात्री तालमी करतात, कुणी बँकेत, कुणी एमआयडीसीत शिफ्टला, दोन-दोन महिने घरच्यांची बोलणी खातात, पदरचे पैसे घालून सेट उभा करतात आणि स्पर्धेत प्रयोग किती होतो? एक. एकच. मग निकाल लागतो, नंबर आला तर पुढच्या फेरीत अजून एक, नाही आला तर सेटचे फ्लॅट, म्हणजे रंगवलेल्या चौकटी, कुणाच्या तरी गोडाऊनात उभे राहतात आणि पावसाळ्यात भिजून सडतात. त्या नाटकाला दुसरा, तिसरा, पाचवा प्रयोग मिळायला पाहिजे. नट पाचव्या प्रयोगाला नट होतो, पहिल्या प्रयोगात तो नुसता वाक्यं आठवत असतो. तुझा शनिवार आधी या लोकांना दे. आणि यात तुझा एक फायदा आहे बघ, स्पर्धेत उतरलेल्या संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं, म्हणजे नाटकाच्या सेन्सॉरचं, सर्टिफिकेट आधीच काढलेलं असतं, म्हणजे तो कागद तुला नव्यानं शोधत बसायला लागत नाही. लेखकाची परवानगी मात्र प्रत्येक प्रयोगाला घ्यायची आणि त्याचं मानधन प्रयोगाच्या आधी पोचवायचं, नंतर देतो म्हणायचं नाही.

तू लिहिलंयस की केशवराव भोसले नाट्यगृह जळाल्यापासून शहरात काही करायला जागाच नाही. ८ ऑगस्ट २०२४ ची ती रात्र मला आजही नीट सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी केशवराव भोसल्यांची जयंती, आणि आदल्या रात्री त्यांच्याच नावाचं थिएटर डोळ्यांदेखत गेलं, खासबागेच्या बाजूला मोठी माणसं रस्त्यावर उभी राहून लहान पोरांसारखी रडत होती. शाहू महाराजांनी १९१५ साली बांधून पूर्ण केलेलं पॅलेस थिएटर ते, शंभर वर्षांहून जास्त चाललं. ते परत उभं राहिलं पाहिजे, चांगलं उभं राहिलं पाहिजे, आणि त्याच्या कामावर लक्ष ठेवणं हेही तुझ्या पिढीचं काम आहे. पण ते होईपर्यंत थांबायचं कशाला? आणि समजा ते उद्या सुरू झालं तरी तुझ्या पहिल्या कार्यक्रमाला तेवढं मोठं थिएटर नकोच आहे. मोठ्या हॉलमध्ये साठ माणसं बसली की सगळ्यांना वाटतं कार्यक्रम पडला, तीच साठ माणसं एका तालमीच्या, म्हणजे पेठेतल्या आखाड्याच्या, हॉलमध्ये बसली की दारात उभं राहायला जागा नसते.

हो, तालमीचाच हॉल म्हणतोय मी. हसू नकोस. आपल्या शहराची खरी रचना पेठ आणि तालीम ही आहे, आणि तुझ्या प्लॅनमध्ये तालीम हा शब्द कुठंच नाही याचं मला जरा वाईट वाटलं. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तालमींची फुटबॉल मॅच असली की काय गर्दी होते ती तू पाहिलीयस ना. भर उन्हात तिकीट काढून माणसं येतात. का येतात? तो पोरगा त्यांच्या गल्लीतला असतो, सकाळी दूध आणायला जाताना दिसलेला असतो, त्याच्या आईला ते ओळखतात. मुंबईच्या बँडला ही माणसं येणार नाहीत, आली तरी एकदाच येतील, पण मंगळवार पेठेतल्या पोरीनं लिहिलेली एकांकिका मंगळवार पेठेतल्या हॉलमध्ये होतीय म्हटल्यावर तिच्या चुलत्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळे येऊन बसतील. गणपतीत सजीव देखावे बघायला रात्रभर माणसं फिरतात आपल्याकडं, ते काय आहे मग? गल्लीतल्या पोरांनी गल्लीत केलेलं नाटकच आहे ते. प्रेक्षक तयार आहे, त्याला फक्त बाकीच्या अकरा महिन्यांत कुणी बोलवत नाही.

बऱ्याच तालमींना आता वर एक मजला आहे, तिथं मीटिंगा होतात, बारशी होतात, उरलेल्या दिवशी कुलूप असतं. तो हॉल माग. मागायला एकटी जाऊ नकोस आणि लेटरहेड घेऊनही जाऊ नकोस, त्याच पेठेतल्या एखाद्या जुन्या माणसाला बरोबर घे, संध्याकाळी जा, चहा घे, तालमीचा इतिहास ऐक, तो ते सांगणारच आणि तो ऐकण्यासारखा असतो. आखाड्याच्या मातीकडं त्यांच्या रीतीप्रमाणं वाग. पैसे किती हे पहिल्या भेटीत बोलू नकोस. आणि तारीख ठरवण्याआधी केएसएचं, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनचं, फुटबॉलचं शेड्यूल बघ, मोठी मॅच असलेल्या दिवशी कार्यक्रम ठेवलास तर तालमीचे लोक स्वतःच येणार नाहीत.

हॉल मिळाला की आत जाऊन नुसतं बस, अर्धा तास, काही न करता. पंखा लाव आणि मैत्रिणीला दुसऱ्या टोकाला उभं करून साध्या आवाजात बोलायला सांग. जुना सिलिंग फॅन इतका खडखडतो की तिसऱ्या रांगेच्या मागं वाक्य पोचत नाही, मग माईक लावावा लागतो, माईक लावला की नट ओरडायला लागतात, आणि सगळं बिघडत जातं. याचं उत्तर स्वस्त आहे, पंख्याचं बेअरिंग बदलून घे, तेवढ्यात काम होतं. खिडक्यांना काळं कापड, रस्त्याच्या बाजूच्या खिडकीला जाड गोणपाट, कारण बाहेरून बुलेट गेली की हळवा सीन संपला. भिंती मोकळ्या असल्या तर आवाज घुमतो, मागच्या भिंतीला जाजम टांगलं तरी फरक पडतो. लेव्हल्स, म्हणजे रंगमंचावरचे उंचवटे, आणि लाइटचे स्टँड पुण्याहून भाड्यानं आणायचं तू लिहिलंयस, त्याची काही गरज नाही, उद्यमनगरात जा, माप दे, फॅब्रिकेशनवाला तुला घडीचे स्टँड करून देईल आणि ते तुझ्या मालकीचे होतील. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी, नाटकांचे पडदे रंगवणाऱ्या माणसानं, १९१८ च्या सुमारास स्वतःचा सिनेमाचा कॅमेरा घडवला, त्या गावात लाइटचा स्टँड बाहेरून आणायचा? खरी कॉर्नरला कॅमेरा स्तंभ आहे, त्याच्यापुढून तू रोज जातेस, एकदा गाडी बाजूला लावून बघ.

आता शहर सुधारण्याचं तुझं दुसरं प्रकरण. त्यात फ्लायओव्हर, सायकल ट्रॅक, रंकाळ्याचं लाइटिंग, सगळंच आहे. मला विचारशील तर तू तुझ्या हॉलच्या दारापासून दोनशे मीटर एवढंच शहर हातात घे. कार्यक्रम संपल्यावर साडेनऊला एखादी बाई एकटी बाहेर पडली तर ती स्टॉपपर्यंत कशी जाईल हे चालत जाऊन बघ, दिवसा नको, त्याच वेळेला. कुठला दिवा बंद आहे, कुठं गटारीवरची फरशी फुटलीय, फुटपाथवर कुणाची गाडी असते, टॉयलेट कुठं आहे आणि त्याला रात्री कुलूप असतं का, म्हातारी माणसं हॉलचा जिना चढतील का, तिथं कठडा आहे का. केएमटीची शेवटची बस कधी जाते ते स्टॉपवर उभं राहून कंडक्टरला विचार, आणि तुझा कार्यक्रम त्या गाडीच्या आधी संपव. दहानंतर उघड्यावर स्पीकर चालत नाही हा नियम आहेच, पण मी म्हणतो साडेसातला सुरू करून नऊ-सव्वानऊला संपव, वेळेवर सुरू होणारा कार्यक्रम ही आपल्याकडं एवढी मोठी गोष्ट आहे की नुसत्या त्यावर तुझं नाव होईल.

या दोनशे मीटरची कामं वॉर्ड ऑफिसातून होतात. तोंडी सांगून काही होत नाही, लेखी अर्ज दे, एका अर्जात एकच काम लिही, दिव्याच्या खांबावर नंबर असला तर तो टाक, फोटो जोड, आणि आपल्या कॉपीवर शिक्का आणि आवक नंबर घेतल्याशिवाय तिथून हलू नकोस. मग पंधरा दिवसांनी तोच नंबर घेऊन परत जा, न भांडता. तिथल्या माणसांवर आधीच चिडून जाऊ नकोस, त्यांच्याकडं दिवसभर भांडणारीच माणसं येतात, नीट कागद घेऊन येणारं कुणी आलं की ते पण नीट वागतात, हा माझा अनुभव आहे. जी कामं मोठी आहेत, म्हणजे नवा फुटपाथ किंवा टॉयलेट, ती बजेटमध्ये बसवावी लागतात आणि बजेट फेब्रुवारी-मार्चमध्ये ठरतं, म्हणजे तुझी मागणी दिवाळीच्या आसपास लेखी पोचलेली पाहिजे. एप्रिलमध्ये मोर्चा काढून उपयोग नसतो.

भिंतींवरच्या चित्रांबद्दल. काढ, जरूर काढ, पण आपला पाऊस लक्षात ठेवून काढ. जून ते सप्टेंबर बाहेर काही ठेवायचं नाही आणि पश्चिमेकडं तोंड असलेली भिंत घ्यायची नाही, एका पावसाळ्यात रंग पोपडे धरून सुटतो, मग ती भिंत आधीपेक्षा वाईट दिसते. शाहूपुरी कुंभार गल्लीची भिंत तू निवडलीयस, तिथं २०१९ ला आणि २०२१ ला पुराचं पाणी किती होतं ते तिथल्या लोकांना विचार. खरं तर माझ्या मनात एक आहे, पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी आपण पावसाळाभर रोज बघतो, ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, हे आकडे लहान पोरांनाही पाठ आहेत. कुंभार गल्लीत पूर कुठपर्यंत आला त्या उंचीवर तिथल्याच कुंभारांच्या हातच्या मातीच्या पट्ट्या बसवल्या, साल लिहून, तर ते सुंदरही दिसेल आणि नवीन भाड्यानं राहायला आलेल्या माणसाला काही कळेल तरी. पक्की भाजलेली माती असते, पावसानं तिचं काही बिघडत नाही. चित्रकला शिकवणाऱ्या दळवीज आर्ट्सची नाहीतर कलानिकेतनची पोरं बरोबर घे, डिझाइन त्यांना करू दे, पण पट्टी कुठं बसवायची ते घरमालकाला विचारून.

तिकीट ठेव. पन्नास रुपये ठेव, पण ठेव. फुकट ठेवलंस की माणूस 'येतो' म्हणतो आणि येत नाही, आणि आला तरी मध्येच उठून फोनवर बोलायला बाहेर जातो. पास कुणालाही द्यायचा नाही, मला पण नाही. आणि एखाद्या नेत्यानं फ्लेक्सच्या बदल्यात पैसे देऊ केले तर नम्रपणे नको म्हण, एकदा फ्लेक्स लागला की ती खोली त्या पार्टीची झाली, मग निम्मी पेठ येत नाही. पैसे कमी पडले तर त्या महिन्यात अभिवाचन कर, त्याला सेट लागत नाही. गाण्याची बैठक कर, अल्लादियाँ खाँसाहेबांच्या मुक्कामानं आणि देवल क्लबसारख्या संस्थेनं या गावाला कान दिलेला आहे, फक्त नवी पोरं ऐकायला येत नाहीत कारण त्यांना मोठ्या हॉलात अवघडल्यासारखं होतं, जमिनीवर सतरंजी टाकून चार हातांवर तंबोरा वाजला की ती बसतात, मी पाहिलंय.

शेवटी तू विचारलंयस की हे सगळं सोडून पुण्याला जाऊ का, तिथं स्कोप आहे. शिकायला जायचं असेल तर बिनधास्त जा. प्रभात फिल्म कंपनी इथं १९२९ ला सुरू झाली आणि १९३३ ला पुण्याला गेली, त्याबद्दल आपण आजपर्यंत हळहळतो, पण त्यांना तिथं सोयी मिळाल्या म्हणून ते गेले, यात रागवायचं काय. प्रश्न एवढाच की गेलेल्या माणसाला परत यावंसं वाटेल असं इथं काही चालू असतं का. तू गेलीस तर तुझा शनिवार कुणाच्या हातात देऊन जाणार ते आत्ताच ठरव, दोघं-तिघं पहिल्यापासून बरोबरीनं घे, किल्ली एकट्याकडं ठेवायची नाही, हिशोबाची वही पण नाही. महोत्सव एका माणसाच्या जिवावर होतो, तो दमला की बंद पडतो, आपल्या डोळ्यांसमोर किती बंद पडले बघ ना. तीन वर्षं हा शनिवार चालला आणि तेव्हाही तुला रंकाळ्यावर मोठं काही करावंसं वाटलं तर मी स्वतः तुझ्याबरोबर परवानग्यांसाठी फिरेन, तेव्हा तुझ्यामागं माणसं असतील.

येत्या मंगळवारी सहानंतर मोकळा आहे. शिवाजी पेठेतला एक हॉल माझ्या डोक्यात आहे, तिथल्या वस्तादांशी बोलून ठेवतो. येताना मापाची टेप आणि वही आण, आणि तुझी ती एकांकिका लिहिणारी मैत्रीण असेल तर तिलाही घेऊन ये.

तुझा,
काका