७५ टक्के किडे गायब झाले म्हणतात, पण किडे मोजले कुणी आणि कसे?

मोजलेच नाहीत हो, वजन केलं. बातमीत नेमकं तेवढंच गाळतात, मग वाचणाऱ्याला वाटतं कुणीतरी एकेक माशी धरून वहीत लिहिली.

तुम्ही म्हणताय ती बातमी जर्मनीतल्या क्रेफेल्ड शहराच्या कीटक अभ्यासकांच्या मंडळाची. त्यातले बरेचसे हौशी, म्हणजे पोटापाण्याचं काम वेगळं आणि किडे हा नाद. या लोकांनी १९८९ ते २०१६, २७ वर्षं, ६३ संरक्षित जागांवर एकाच पद्धतीचे सापळे लावले आणि सापडलेलं सगळं बाटल्यांत जपून ठेवलं. कंटाळा न करता, पद्धत न बदलता. माझ्या मते खरं कौतुक याचं आहे, आकड्याचं नंतर.

सापळ्याला मॅलेझ ट्रॅप म्हणतात. जाळीचा तंबूच तो, मधे उभी जाळी, वर उतरतं छप्पर, आणि सगळ्यात उंच टोकाला अल्कोहोलची बाटली. उडणारा किडा जाळीला अडला की सहसा वर उजेडाकडे चढतो आणि चढत चढत बाटलीत पडतो. मी एक सीझन असे नमुने निवडायचं काम केलंय, बाटली उघडली की आधी अल्कोहोलचा भपकारा आणि मग काळपट लगदा, त्यात पंख, पाय, मधेच एखादी गांधीलमाशी अगदी जशीच्या तशी. जाती ओळखत बसलं तर एका बाटलीला आठवडे जातात, म्हणून त्यांनी वजनाचा रस्ता धरला. पण ओल्या किड्यांचं वजन करायचं म्हणजे अल्कोहोल किती निथळू द्यायचं हा घोळ आलाच, तर नियम काय, गाळणीत ओतायचं आणि दोन थेंबांमधलं अंतर १० सेकंदांच्या वर गेलं की लगेच वजन घ्यायचं. असे १५०३ नमुने, सगळे मिळून साडेत्रेपन्न किलो.

२०१७ मध्ये या कामाचा शोधनिबंध, म्हणजे पेपर, आला. उडणाऱ्या किड्यांचं वजन २७ वर्षांत ७६ टक्क्यांनी घटलेलं, ऐन उन्हाळ्यात तर ८२. हवामान, झाडोरा वगैरे हिशोबात धरूनही एवढी घट काही जुळेना. बहुतेक जागांना चारी बाजूंनी शेतीचा वेढा आहे, त्यामुळे संशय तिकडे गेला, पण कारण या पेपरने सिद्ध केलेलं नाही.

आता खोट कुठे? बहुतेक जागांवर सापळा एखाद-दोन वर्षंच लागला, म्हणजे दरवर्षी तीच जागा नव्हे, त्यामुळे घट गणिती मॉडेल वापरून काढावी लागली. शिवाय वजन घटलं म्हणजे तेवढ्याच जाती गेल्या असं नाही, एक जाडजूड भुंगेरा तराजूत कितीतरी चिलटांना भारी पडतो.

आणि हे जर्मनीपुरतं. २०२० मध्ये 'सायन्स' या विज्ञान नियतकालिकात वेगवेगळ्या देशांतल्या १६७६ जागांचा डेटा एकत्र करून बघितला तर जमिनीवरचे किडे दर दशकाला साधारण ९ टक्क्यांनी घटताना दिसले आणि गोड्या पाण्यातले चक्क ११ टक्क्यांनी वाढताना. तुमच्या ग्रुपवर फिरतंय ते 'जगातले ७५ टक्के किडे संपले' हे यातल्या कुठल्याच पेपरात नाही.