वादळात बेचक्यातून फाटलेलं गांजाचं झाड, काढणीला तीन आठवडे बाकी. वाचेल का?

तुम्ही लिहिलंय की कॅनडात मिसिसागाला बॅकयार्डमधल्या चार झाडांपैकी सगळ्यात मोठं झाड काल रात्रीच्या वाऱ्यापावसात बेचक्यातून फाटलं, अर्धी बाजू कुंपणावर आडवी पडलीय पण सालीने अजून धरून आहे, आणि काढणी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात करायचा बेत होता, तर बांधून ठेवू की आत्ताच कापू. बांधा. आजच बांधा, हे उत्तर पूर्ण वाचायच्या आधी जाऊन निदान ती फांदी खालून काहीतरी टेकू देऊन उचलून ठेवा, कारण लोंबकळत राहिली की तिच्याच वजनाने चीर दर तासाला खाली सरकत जाते आणि मग बुंध्यापर्यंत गेली तर दोन्ही बाजू हातच्या जातात.

माझं लहानपण तासगावकडच्या द्राक्षबागेत गेलंय, आता बरीच वर्षं ऑन्टारियोत आहे आणि घरी गांजा लावायला परवानगी देणारा कायदा आल्यापासून दर उन्हाळ्यात ही झाडं लावतो, त्यामुळे दोन्हीकडचं सांगतो. झाड फाटलं म्हणून मरत नाही. पिकाचं वाटोळं करते ती नंतर येणारी बुरशी. लोक सगळा जीव चीर बांधण्यात घालतात, ती बांधून झाली की हुश्श करतात, आणि आठ दिवसांनी बघतात तर फुलोरा आतून कुजलेला.

आधी चिरेचं बघू. उभी चीर असेल (बेचक्यातून फाटलं म्हणजे ती उभीच असते) तर तुमचं नशीब चांगलं आहे, कारण पाणी वर नेणाऱ्या नळ्या खोडात उभ्या असतात, चीर त्यांच्यामधून जाते, त्यांना तोडत नाही. आडवं मोडलं असतं तर गोष्ट वेगळी होती. शिवाय या झाडाची साल म्हणजे अख्खा ताग आहे, याच जातीच्या झाडांपासून दोर आणि कापड काढतात, त्यामुळे आतलं लाकूड मोडलं तरी साल सहसा तुटत नाही, धरून ठेवते. तुमच्याकडे नेमकं तेच झालंय.

बांधायला दोन माणसं लागतील, एकट्याने जाऊ नका. एकाने फांदी दोन्ही हातांनी खालून धरून हळूहळू जागेवर आणायची, झटका नको, आणि चिरेत अडकलेला काडीकचरा, पानाचा तुकडा दिसला तर काढून टाकायचा. दुसऱ्याने चीर बंद झाली की खालून वर टेप गुंडाळत यायचं, चिरेच्या खाली चार बोटं सुरुवात करायची आणि वर चार बोटं जाऊन थांबायचं. हिरवा ताणला जाणारा गार्डन टेप उत्तम, नसेल तर घरातला इलेक्ट्रिकल टेपही चालतो. आमच्याकडे द्राक्षाचं कलम बांधताना जे बघायचे तेच इथे बघायचं, सालीखालचा ओला हिरवट थर दोन्ही बाजूंचा एकमेकांना नीट टेकला पाहिजे, कारण जोड धरतो तो तिथे, मधल्या लाकडात नाही. चिरेच्या आत काही भरू नका. हळद, मध, मेण, रूटिंग पावडर, यातलं काहीही दोन्ही बाजूंच्या मध्ये गेलं तर टेकणंच होत नाही. टेपवरून बांबूची कामटी लावून सुतळीने तीन ठिकाणी बांधा, आणि फांदीचं ओझं टेपवर अजिबात ठेवू नका, त्यासाठी जमिनीत वेगळा जाड बांबू ठोकून फांदी त्याला रुंद कापडी पट्टीने बांधा. बारीक दोरी वाऱ्यात सालीत रुतते. दोन्ही अर्ध्या बाजू वरच्या अंगाला एकमेकींनाही बांधून टाका, म्हणजे पुढचा वारा आला तर बेचकं पुन्हा उघडणार नाही.

रात्रभर उघडी राहून चीर आतून सुकून तपकिरी पडली असेल तर ती पूर्ण सांधेल अशी आशा धरू नका, तरीही बांधाच. तुम्हाला पुढची दहा वर्षं हे झाड नकोय, तीन आठवडे हवंय, आणि तेवढ्यासाठी पाणी वर पोचलं आणि फांदी हलली नाही तरी पुरतं. फुलोऱ्याच्या शेवटी झाडाची सगळी ताकद फुलात गेलेली असते त्यामुळे जखम भरायचा वेगही मंद असतो, जुलैत फाटलं असतं तर आठवडा-दोन आठवड्यात तिथे टणक गाठ आली असती, आता कमीच येईल. टेप काढणीपर्यंत सोडू नका, आत काय चाललंय बघायचा मोह होतो, तो आवरा.

पहिले दोन दिवस दुपारच्या उन्हात जुनी चादर वगैरे बांधून सावली करा. पाणी नेहमीपेक्षा जास्त देऊ नका, माती वाफशावर (ओलसर, पण चिखल नाही अशी) राहू द्या, पावसाने आधीच चिंब असेल तर दोन दिवस काहीच देऊ नका. खत तर नकोच, नत्राचं तर अजिबात नको. पानंही सरसकट खुडू नका, चेंगरलेली तेवढी काढा.

फांदी दुपारी मान टाकेल, घाबरू नका. खरी परीक्षा पहाटेची असते. रात्रीत पानं उन्हात तापत नाहीत, पाण्याची मागणी कमी असते, त्यामुळे जोड थोडा जरी चालू असेल तरी सकाळी पानं पुन्हा ताठ होतात. सकाळी ताठ, दुपारी ढिली, पुन्हा सकाळी ताठ असं चाललं तर फांदी जगतेय. दुसऱ्या-तिसऱ्या पहाटेही लुळीच असेल आणि पानाच्या कडा कागदासारख्या वाजायला लागल्या तर वाट बघू नका, त्याच दिवशी फांदी कापून वाळवायला टांगा. झाडावरच उन्हात करपलेल्या फुलाचा वास आणि चव दोन्ही जातात, सावलीत हळू वाळवलेलं थोडं कच्चं फूलही त्यापेक्षा बरं निघतं.

कापायचंच झालं तर किती तयार आहे ते आधी बघा. साठपट दाखवणारं छोटं भिंग घ्या, पंधरा-वीस डॉलरमध्ये मिळतं, आणि पानावरचे नाही तर फुलावरचे राळेचे दाणे बघा, ट्रायकोम म्हणतात ते, बारीक काचेच्या टाचण्यांसारखे दिसतात. काचेसारखे स्वच्छ असतील तर कच्चं आहे. बहुतेक दुधाळ झाले असतील तर फांदी बांधायचा खटाटोप करण्यापेक्षा तोडून मोकळे व्हा, तुमचं फारसं काही जात नाही. मधे मधे तांबूस दिसायला लागले म्हणजे पूर्ण तयार. फुलातले केस अजून सगळे पांढरे आणि सरळ उभे असतील तर मात्र वाचवायचा प्रयत्न जरूर करा, ते तीन आठवडेच वजन भरायचे असतात. आणि सगळं झाड एकाच दिवशी काढलं पाहिजे असं कुठे लिहिलंय? फाटलेली बाजू आधी काढा, चांगली बाजू ठेवा.

आता बुरशी. सप्टेंबर संपता संपता इथल्या रात्री गार, सकाळी दव, मधूनच दोन दिवस ढगाळ हवा, आणि त्यात घट्ट भरलेलं फूल, म्हणजे करड्या बुरशीला आमंत्रण. ही तीच बोट्रायटिस जी पावसात सापडलेल्या द्राक्षाच्या घडात शिरते, एक मणी चिरला की तिथून पूर्ण घड. तुमच्या झाडावरही कुंपणावर आपटून जिथे फूल चेंगरलंय तिथूनच ती आत जाणार. ओळखायची खूण अगदी सोपी आहे. मोठ्या फुलाच्या मधून एखादंच बारीक पान पिवळं-तपकिरी होऊन सुकलेलं दिसतं, आजूबाजूचं सगळं हिरवंगार असतं. ते पान चिमटीत धरून हलकं ओढा. निरोगी पान ताणावं लागतं, हे लोण्यातून निघाल्यासारखं अलगद हातात येतं, आणि फूल बोटांनी जरा उघडलंत तर आत देठ तपकिरी, मऊ, त्यावर करडी धूळ. असं दिसलं की तेवढंच खरवडून काढून उपयोग नाही, दिसतंय त्याच्या दोन-तीन इंच खाली निरोगी देठात कापा, पिशवीत घालून कचऱ्यात टाका, झाडाखाली टाकू नका, आणि पुढची फांदी कापायच्या आधी सिकेटर (छाटणीची कात्री) अल्कोहोलने पुसा. हे रोज सकाळी बघायचं, एक दिवस आड नाही. पाऊस थांबल्यावर फांद्या हलक्या हलवून पाणी झटका, आणि पावसाचा अंदाज असेल तेव्हा वरून ताडपत्रीचं छप्पर करा पण बाजू उघड्या ठेवा, प्लास्टिकने झाड गुंडाळलंत तर आत घाम धरून जास्तच कुजेल.

आणि बुरशी लागलेलं फूल "थोडंसंच आहे" म्हणून वापरू नका, कृपा करून. वाळवल्याने ती जात नाही, धुराबरोबर फुप्फुसात जाते, दमा असलेल्या किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्या माणसाला ते जिवावर बेतू शकतं. कुणाच्या दुखण्यासाठी, झोपेसाठी म्हणून हे लावलं असेल तर दहा ग्रॅम कमी मिळालं तरी चालेल पण स्वच्छ मिळू दे.

अजून एक तपासा. मार बसलेलं मादी झाड कधी कधी ताणामुळे नर फुलं काढतं, फुलाच्या आतून पिवळ्या केळ्याच्या फण्यासारखे बारीक कोंब डोकावतात. दिसले की चिमट्याने काढा, नाहीतर परागीकरण होऊन बाकीच्या तिन्ही झाडांत बिया धरतील. मार बसला की झाड जास्त कडक, म्हणजे जास्त नशेचं, होतं असंही लोक सांगतात, त्या भरवशावर राहू नका.

खाली कुणीतरी विचारलंय की सशाने बुंध्याची साल गोल खाल्लीय, झाड गेलं का. शेवटचे तीन आठवडे असतील तर बहुतेक नाही. पाणी आतल्या लाकडातून चढतं, पानात तयार झालेलं अन्न सालीतून खाली उतरतं, त्यामुळे साल गेली की उपाशी मरतात ती मुळं, आणि तीही लगेच नाही. द्राक्षात मणी फुगावा म्हणून शेतकरी मुद्दाम सालीची बारीक चकती काढतात, गर्डलिंग म्हणतात त्याला, तेही याच तत्त्वावर. तेव्हा सशाने लाकूड कुरतडलं नसेल तर उघडा भाग सुकू नये म्हणून ओलसर कापड आणि वरून टेप गुंडाळा, झाड काढणीपर्यंत जाईल.

वाळवायचं थोडक्यात सांगतो कारण वाचवलेलं पीक इथे जास्त वाया जातं. अंधारी खोली, पंधरा ते वीस अंश, हवेत ओलावा साठ टक्क्यांच्या आसपास, पंखा चालू पण फुलांवर थेट झोत नको. बेसमेंट असेल तर डीह्युमिडिफायर लावा. फाटलेल्या बाजूची फुलं वेगळी टांगा, त्यात लपलेली बुरशी असली तर चांगल्यात मिसळायला नको. बारीक काडी वाकवल्यावर कट्कन मोडली की काचेच्या बरणीत भरा, पहिले पंधरा दिवस रोज झाकण उघडून हवा द्या, आणि उघडल्यावर अमोनियासारखा किंवा कुबट वास आला तर लगेच बाहेर पसरा.

कायद्याचं, कारण हे उत्तर भारतातूनही वाचलं जाईल. कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून केंद्राच्या कायद्याने घरी लावायला परवानगी आहे (क्यूबेक प्रांतात मात्र नाही), ऑन्टारियोत एका घरात चार झाडं, माणशी चार नाहीत, वय १९ पूर्ण हवं, विकायचं नाही, आणि भाड्याच्या घरात घरमालकाचा करार किंवा कॉन्डोचे नियम आड येऊ शकतात. भारतात १९८५ च्या अमली पदार्थविरोधी एनडीपीएस कायद्याखाली विनापरवाना एक झाड लावलं तरी गुन्हा आहे, दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते, त्यामुळे तिकडे कुणी हे वाचून कुंडीत प्रयोग करू नका. आणि इथून सुट्टीवर घरी जाताना बरणीतलं चिमूटभरही बॅगेत नको, ते घेऊन कॅनडाची सीमा ओलांडणंच बेकायदा आहे.

तुमच्याकडे पहिलं दव कधी गोठेल ते लेक ऑन्टारियोपासून किती लांब आहात त्यावर अवलंबून आहे. रात्रीचं तापमान शून्याखाली जाणार असा अंदाज आला की फाटलेली बाजू कितीही कच्ची असली तरी त्या संध्याकाळी काढून घ्या. परवा सकाळी पानं ताठ आहेत का ते इथे कळवा, जमलं तर टेपच्या खालच्या टोकाचा फोटो टाका, चीर अजून खाली सरकतेय का ते त्यावरून सांगता येईल.