१७ वर्षांखालील मुलींचा फुटबॉल वर्ल्ड कप भारतात भरवून आपल्या संघाला काय मिळालं?

निकाल पाहिले तर मार: २०२२ मध्ये भुवनेश्वरला अमेरिकेकडून ०-८, मोरोक्कोकडून ०-३, ब्राझीलकडून ०-५. यजमान म्हणून थेट प्रवेश होता, पात्रता फेरी खेळलोच नव्हतो. त्यात ऑगस्टमध्ये फिफाने, म्हणजे जागतिक फुटबॉल संघटनेने, आपल्या फुटबॉल महासंघाला काही दिवस निलंबित केलं होतं. कर्णधार अष्टम उरांव झारखंडच्या गुमला जिल्ह्यातली. तिच्या गावात तिच्या सन्मानार्थ रस्ता होत होता आणि त्यावर मजुरीला तिचेच आईवडील! अशा घरातल्या मुलीला वर्षभर सराव आणि पोटभर जेवण मिळणं हीच खरी कमाई. फायनल नवी मुंबईत झाली, आपल्याशिवाय. पण २०२५ मध्ये म्यानमारला १-० हरवून २० वर्षांखालील मुली आशियाई स्पर्धेला पात्र ठरल्या, तब्बल वीस वर्षांनी. तेही मैदानावर जिंकून.