शिडाच्या छोट्या होडीची डोलकाठी एकट्याने उभी करता येते का?

आपण बडोद्याहून विचारले आहे की, चौदा फुटी जुनी होडी घेतली आहे, डोलकाठीच्या बुंध्याला बिजागरी आहे, अंगात ताकदही आहे, तर काठी एकट्याने उभी करता येईल का. येईल. मात्र आपण ताकदीचा उल्लेख केलात, म्हणूनच मी हे उत्तर लिहायला बसले.

महाविद्यालयात असताना मी नौदल छात्रसेनेत होते आणि एंटरप्राइज जातीच्या होडीवर शिकले. जॅक होल्ट यांनी 1956 साली आखलेली ही होडी जेमतेम चार मीटर लांब असते, पण तिची डोलकाठी त्याहून कितीतरी उंच असते. पुढे माझ्या थोरल्या बंधूंनी आपल्यासारखीच बिजागरीची एक जुनी होडी आणली आणि पाण्यावर नेण्याआधी ती बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घराच्या अंगणात जोडून पाहायचे ठरवले. तणाव्यांच्या, म्हणजे काठीला ताणून धरणाऱ्या तारांच्या, पिना नीट बसवून घेऊ, असे मी दोनदा म्हटले. "आधी उभी करू, बारीकसारीक कामे मागाहून. मुलींनी फक्त बुंधा धरावा," असे दादांचे उत्तर होते.

काठी मागच्या बाजूला आडवी ठेवून नाळेकडे, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाकडे, उचलतात, त्यामागे कारण आहे. बाजूचे तणावे बुंध्याच्या जरा मागे काठाला जोडलेले असतात. त्यामुळे काठी आडवी असताना ते सैल लोंबतात आणि ती सरळ झाली की ताठ होऊन तिला पुढे पडू देत नाहीत. मागे पडू न देण्याचे काम पुढच्या तणाव्याचे. सर्वांत जास्त भार सुरुवातीलाच लागतो, काठी वर जाईल तसा तो कमी होतो. खरा धोका मधल्या टप्प्यात असतो, कारण तणावे सैल असल्यामुळे काठीला बाजूचा आधार नसतो आणि त्याच वेळी सैल तारेच्या हिसक्यांनी पिना हलतात.

आमचे तसेच झाले. डाव्या तणाव्याची पिन घातली होती, पण ती निसटू नये म्हणून तिच्या भोकात अडकवायचे कडे घातलेच नव्हते. काठी जवळजवळ सरळ झाली असताना पिन निसटली, काठी उजवीकडे कलंडून कुंपणाच्या भिंतीवर आदळली आणि बिजागरीभोवतीचे फायबर वीतभर चिरले. दादांनी सगळ्यांदेखत सांगितले की, मी बुंधा सोडला. बुंधा सोडला असता तरी बिजागरीने तो धरून ठेवलाच असता, हे तेव्हा कुणी ऐकले नाही. संध्याकाळी होडीच्या तळाशी ती पिन मला सापडली: बोटाच्या पेराएवढी, सरळ, एकही ओरखडा नसलेली. जोर बसून निसटली असती तर ती वाकली असती. कडे तर अजून प्लास्टिकच्या पुडीतच होते.

तेव्हा आपण आधी दोन्ही बाजूंचे तणावे जोडा, प्रत्येक पिनेत कडे घाला आणि त्यावर चिकटपट्टी गुंडाळा. टर्नबकल, म्हणजे तणावा ताणायचा आट्यांचा जोड, आडवे अडकलेले नाही ना, हे उचलण्याआधी पाहा, नाहीतर काठी वर जाताना त्याचा आटा वाकतो. पुढच्या तणाव्याला लांब दोर बांधून तो नाळेवरच्या कडीतून मागे आपल्या हाताशी आणा, म्हणजे काठी सरळ होताच ती एकट्याला अडकवून ठेवता येते. तरीही पहिल्या खेपेला दोर धरायला दुसरे माणूस घ्यावे, आणि ते बलदंड असण्यापेक्षा सांगितलेले ऐकणारे असावे.

हे खरे तर आधीच सांगायला हवे होते: वर विजेची तार असेल तिथे काठीला हातच लावू नका. उत्तरायणात तारेवरचा पतंग धातूच्या काठीने काढू नये, हे बडोद्यात लहान मुलांनाही शिकवतात, आणि डोलकाठी बहुधा ॲल्युमिनियमची असते. वारा असेल तर काम दुसऱ्या दिवसावर टाका. लेझरसारख्या होडीला तणावेच नसतात, तिची काठी सरळ खोबणीत उतरवतात; तिला यातले बरेचसे लागू नाही.

ती पिन मी आजही जपून ठेवली आहे. दादांनी हे वाचले, तर त्यांनी ती एकदा हातात घेऊन पाहावी.